धूर न करणाऱ्या शेठला

पारसशेठ,

तुझ्या उठावण्याला, तुमच्या त्या शोकसभेला, मी आलो होतो. भवनात शेवटच्या रांगेत, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसलो होतो. माईकवर एकामागून एक जण तुझ्याबद्दल बोलत होता आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. पुण्यवान माणूस, निसर्गाच्या कुशीत गेला, झोपेत गेला, काही त्रास झाला नाही. तुझा तो औरंगाबादकडचा मेहुणा तर म्हणाला की असं मरण मागूनही मिळत नाही. मी उठलो आणि बाहेर आलो. आणखी दोन मिनिटं बसलो असतो तर भर सभेत त्याची कॉलर धरली असती.

झोपेत म्हणे. वैशाखातल्या दुपारी, शिरपूरच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याला, अंजनाच्या झाडाच्या विरळ सावलीत कोण झोपतं रे? तुझ्या पायात बूट होते. एका बुटाची नाडी बांधलेली होती, दुसऱ्याची बांधायची राहिली होती. म्हणजे तू कुठंतरी निघाला होतास. पाड्याकडं निघाला असशील, दुसरीकडं कुठं जाणार. हे मी पाहिलं आणि तुझ्या मुलानं, निलेशनं पाहिलं. आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही. म्हणून लोक बिनधास्त झोपेत गेला म्हणताहेत.

मला तुझा भयंकर राग आलाय. गेलेल्या माणसावर असं चिडू नये, असं आमची ही म्हणते. तिला म्हटलं, जिवंत होता तेव्हा तोंड पाहत नव्हतो, आता तरी मनासारखं चिडू दे. बावीस वर्षं तू बाहेर मुक्कामाला गेलास की तू नेमका कुठं आहेस, हे धुळ्यात एका माणसाला ठाऊक असायचं, आणि तो मी होतो. या एकाच खेपेला तू मला सांगितलं नाहीस. या एकाच खेपेला मी विचारलं नाही. तू त्यानंच गेलास असं माझं म्हणणं आहे, आणि डॉक्टर हृदयाचं काहीही लिहोत, मी ते बदलणार नाही.

तू पहिल्यांदा भेटलास ते मी गिऱ्हाईक म्हणून आलो तेव्हा. गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी मला पाड्यापाड्यांवर आठ-दहा दिवस राहायचं होतं आणि लसीच्या पेट्यांवर टाकायला ताडपत्री हवी होती. धुळ्यात तुझं दुकान. ताडपत्र्या, सुतळी, दोर, कासरे. तू मापं घेता घेता सहज विचारलंस, "साहेब, रात्री झोपता कुठं?" मी म्हटलं, जिथं जीप थांबेल तिथं. गायरान पडलंय, सरकारी पडीक पडलंय, खाट टाकायची आणि आडवं व्हायचं, कोण विचारतो. तू कात्री खाली ठेवलीस. जळगावात जन्मलेला, धुळ्याच्या पेठेत वाढलेला, चार भिंती आणि वर पंखा याच्या पलीकडं कधी न झोपलेला मारवाडी जैन माणूस. मला म्हणालास, एकदा मला न्याल का? मला वाटलं गंमत करतोय. तर पुढच्या शनिवारी धोतराच्या जागी पँट घालून, खाखऱ्याचा डबा आणि उकळून गार केलेल्या पाण्याचा कॅन घेऊन हजर.

पुढं साहेबचं अरेतुरे कधी झालं ते आठवत नाही. पण पहिल्या मुक्कामाला आपण भांडलो होतो, ते पक्कं आठवतं. मी जाताना भरताची वांगी घेतली होती, भाकरीसाठी कळण्याचं पीठ घेतलं होतं. संध्याकाळी चूल पेटवून वांगी भाजावीत, मस्त बसावं, हा माझा बेत. तू म्हणालास, दिवस बुडायच्या आत जेवायचं आणि दिवस बुडाला की विस्तव नको, जीव येऊन पडतात त्यात. बरं, म्हटलं, उजेडात भाजतो. तर तू वांगंच खात नाहीस. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. मी म्हटलं, अरे मग तू जळगावचा कसा? तुला जळगावातून काढून टाकलं पाहिजे. तू हसलास आणि शांतपणे खाखरा मोडून खाल्लास. मी उन्हात बसून, घाम गाळत, भर चार वाजता भरीत केलं आणि रागारागानं एकट्यानं खाल्लं. चांगलं झालं होतं.

माझा चुलीचा कार्यक्रम बावीस वर्षं तसाच चालला. तू स्वतः कधी काडी ओढली नाहीस. चहा मी करायचो आणि धूर माझा व्हायचा. तू त्या धुराच्या दुसऱ्या बाजूला बसायचास.

तुझे नियम तू हळूहळू केलेस आणि एकदा केलास की मोडू दिला नाहीस. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत बाहेर झोपायचं नाही. पाण्यासाठी पाड्याच्या हापशावर जायचं नाही, आपलं पाणी आपण न्यायचं. तंबू नाही, एक हिरवी ताडपत्री, चार खुंट्या. निघताना जमीन अशी करून ठेवायची की शेळीलाही वास येऊ नये. मी विझवलेल्या चुलीची राख तू उकरून, पिशवीत भरून परत आणायचास. मी म्हणायचो, शेठ, राख पण नेतोस काय, दुकानात विकायची आहे का? तू ऐकून घ्यायचास. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून जीप नेली तर आपण इथं होतो हे मला स्वतःला ओळखू यायचं नाही.

पण सगळ्यात मोठा नियम पाड्याचा. सरकारी जागा आहे, फुकट आहे, कुणाची परवानगी नको, म्हणून मी जिथं वाटेल तिथं खाट टाकत आलो होतो. हे तू बंद केलंस. आधी जवळच्या पाड्यावर जायचं, कारभाऱ्याच्या ओट्यावर बसायचं, त्यांनी दिलेलं पाणी तू पीत नसलास तरी लोटा हातात घ्यायचा, आणि सांगायचं, त्या नाल्यापाशी तीन रात्री झोपतो. का, तर सातबाऱ्यावर नाव सरकारचं असलं तरी शेळ्या कुणाच्या तरी चरत असतात. आणि तिथंच दुसरी गोष्ट सांगायची. तीन रात्री कुणी बघायला यायचं नाही. नाहीतर ती माणसं पाहुणा आलाय म्हणून कामधंदा सोडून दूध घेऊन येतात, भाकरी घेऊन येतात, घरातली एकुलती एक खाट डोक्यावर घेऊन येतात. ते तुला नको होतं. चौथ्या दिवशी सकाळी मीच निरोप घ्यायला येईन, असं म्हणायचास, आणि जायचास. बावीस वर्षांत एकदाही चुकला नाहीस. पाड्यावरची माणसं शब्दाची पक्की. तीन रात्री म्हणजे तीन रात्री. त्यांनी कधी लांबून डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

हा नियम मला तेव्हा फार आवडला होता. आता मला तो पायाखाली तुडवावासा वाटतो.

आता माझ्याकडचं सांगतो, कारण तू असतास तर म्हणाला असतास, डॉक्टर, स्वतःचं सोयीनं गाळू नको. मी जनावरांचा, साधा पशुधन पर्यवेक्षक, तेही आता रिटायर. पण पाड्यावर मला डॉक्टर म्हणतात म्हणून तूही म्हणायचास.

माझा जावई पुण्याचा. दसऱ्याला आला होता. तू पाहिलंस त्याला, लग्नात. मोठी गाडी, कमरेला पट्ट्याला काय काय अडकवलेलं, आणि बोलण्यात सारखं कॅम्पिंग. तिकडं कुठं कुठं पैसे भरून तंबूत झोपतात त्याची वर्णनं करत होता. मला वाटलं, याला दाखवावं की आम्ही काय आहोत. जावई घरी आला की खानदेशात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. तो पाणी मागेल तर आपण दूध देतो. मी त्याला आपल्या तीन अंजनांच्या जागेवर घेऊन गेलो, जिथं आपण सगळ्यात जास्त वेळा झोपलो होतो. त्यानं मोबाईल काढला, म्हणाला, बाबा, जरा बोला ना. आणि मी बोललो. नाला दाखवला, डोंगर दाखवला, शिरपूरहून कसं यायचं, कुठल्या फाट्याला वळायचं, सगळं अगदी हात करून सांगितलं. फुकट आहे, म्हटलं, सरकारी जागा आहे, कुणीही या. टोपी घातली होती मी त्या दिवशी, जावयाची.

दिवाळीत जीपा आल्या. मग दर शनिवारी. स्पीकर, बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या. जावयाचा फोन यायचा, बाबा, तुम्ही फेमस झालात. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. महाशिवरात्रीच्या आसपास कुणाच्या तरी शेकोटीनं पलीकडच्या पाड्याचा कारभारी जामसिंग आणि त्याचा भाऊ यांची, तिथं जवळच असलेली गवताची गंजी गेली. उन्हाळ्याभरासाठी रचून ठेवलेलं गवत, एका दुपारी काळं. मग गावानं फाट्यावर आडवा चर खणला आणि रस्ताच बंद केला. पाड्यावरचं कुणीही मला एका शब्दानं बोललं नाही. ते तुला बोलले.

होळीच्या आधी तू धुळ्यातच देवपूरला माझ्या घरी आलास. हिनं चहा ठेवला, तुझ्यासाठी वेगळ्या भांड्यात. तू तो घेतला नाहीस. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरचा चहा तू तसाच ठेवलास आणि म्हणालास,

"विकली असतीस तर मला समजलं असतं, मी व्यापारी आहे. तू फुकट वाटलीस. आणि ती तुझी नव्हती."

मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, मग तुझ्या बापाची होती का? सरकारी गायरान आहे. तू कोण ठरवणार कुणी झोपायचं आणि कुणी नाही? ताडपत्रीवाला झोपला तर चालतो आणि पुण्याची पोरं झोपली की धर्म बुडतो? तू म्हणालास, झोपू देत की, पण आधी ओट्यावर जाऊन सांगायला शिकव. ते तू व्हिडिओत सांगितलंस का? मी म्हटलं, तुझे नियम तुझ्याजवळ ठेव. शेवटी तू एवढंच म्हणालास की जामसिंगच्या भावाच्या दोन गायी आता बाजारात जातील, गवत नाही म्हणून. जाऊन एकदा चुकलं म्हण. मी म्हटलं, आग मी लावली नाही.

लावली नव्हतीच मी. हे मी आजही म्हणतो. आणि जागेबद्दलही मी आजही भांडायला तयार आहे. जी जमीन सगळ्यांची आहे ती दोन म्हाताऱ्यांनी आपल्या खिशात घालून फिरायचं, हे काही बरोबर नाही. याच्यावर तू मला नीट उत्तर दिलं नव्हतंस. चहा टाकून उठून गेलास, हे काय उत्तर झालं?

त्यानंतर आपण बोललो नाही. होळी गेली, पाडवा गेला, अक्षय्य तृतीया, आपली आखाजी गेली. आखाजीला दरवर्षी तुझ्याकडचा आंब्याचा रस आणि आमच्याकडचे खापरावरचे पुरणाचे मांडे यांची देवाणघेवाण व्हायची, यंदा आमच्या हिनं मांडे केले आणि दोन जास्तीचे झाले. ते कुणी खाल्ले ते मी विचारलं नाही.

आता त्या दिवसाचं.

तू मुक्कामाला निघालास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी पेठेतून चाललो होतो. तुझ्या दुकानासमोरून जाताना समोरच्या फुटपाथनं जायचं, हे मी होळीपासून पाळत होतो. पण नजर जायचीच. निलेश गादीवर होता. तुझी जागा रिकामी. आणि आत भिंतीवर ज्या खिळ्याला तुझी हिरवी ताडपत्री गुंडाळून टांगलेली असते, तो खिळा रिकामा. मी बघितलं आणि मला तिथल्या तिथं कळलं. हा गेला. भर वैशाखात, स्वतःचा नियम मोडून, एकटा. पाय रस्ता ओलांडायला उचलला होता मी. मग म्हटलं, मरू दे. सांगून गेला नाही ना? मग मला काय करायचंय. हेच शब्द, पारस. मरू दे. पुढं जाऊन मी दळणाची पिशवी घेतली आणि घरी येऊन पेपर वाचत बसलो.

मी रस्ता ओलांडला असता तर निलेश म्हणाला असता, काका, तुम्ही इथं कसे? कारण तू घरी सांगितलंच नव्हतंस. आपलं भांडण झालंय, आपण दोन-अडीच महिने बोललो नाही, हे तू तुझ्या घरात कुणालाही सांगितलं नव्हतंस. घरून निघताना म्हणालास, मुक्कामाला जातोय, चौथ्या दिवशी जेवायला घरी. सगळ्यांनी धरून चाललं की काका बरोबर आहेत. उन्हाळ्यात कशाला, असं तुझी सूनबाई म्हणाली, तर म्हणालास की दोन-तीन रात्रीच तर आहेत. कुणाला काळजी वाटायचं कारणच नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी दीडला माझा फोन वाजला. सूनबाई.

"काका, पप्पांचा फोन लागत नाहीये, त्यांना द्या ना. जेवायला थांबलोय आम्ही."

मी काय सांगावं, शेठ? तूच सांग आता. त्या पोरीला काय सांगायला हवं होतं? ती हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी म्हटलं, बेटा, निलेशला दे. आणि त्याला सांगितलं, गाडी काढ, मला घरून घे, तुझा बाप माझ्याबरोबर नाही.

गाडीत त्यानं एकदाच विचारलं, काका, पप्पा कुठं असतील? मी म्हटलं, माहीत नाही. नरडाणा येईपर्यंत त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

आधी आपल्या जुन्या जागेवर गेलो. चर ओलांडून पायी गेलो. काळी जमीन, बाटल्या, एक फाटका निळा तंबू. तू तिथं कसा असशील? तरी गेलो. पाड्यावर म्हणाले, शेठ नाही आले. मग नदीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या पाड्यावर. तिथंही नाही. मला एक खात्री होती, की कुठल्यातरी ओट्यावर तू बसून गेला असणार. मला न सांगता जाशील, पाड्याला न सांगता नाही जाणार. तिसरा पाडा जामसिंगचा. त्याच्या घरी बायको एकटी होती. आमची गाडी बघितली आणि तिनं पदर तोंडाला लावून डोंगराकडं हात केला.

नाल्याच्या वळणावर, दोन अंजनं आणि मध्ये मऊ सपाट जागा. सुरेख जागा होती. मला आधी तेच दिसलं आणि माझीच लाज वाटली. ताडपत्रीच्या सावलीला तू आणि भोवती पाच-सहा माणसं उकिडवी बसलेली. जामसिंगनं त्या सकाळी ठरल्याप्रमाणंच केलं होतं. तू निरोपाला येशील म्हणून तो ओट्यावर वाट बघत बसला. ऊन वर आलं तरी तू येईनास, तेव्हा गेला. मग एका माणसाला खाली शिरपूरला पाठवलं आणि बाकीचे तुझ्यापाशी बसून राहिले. तू दुसऱ्या दिवशी दुपारी गेलास, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे दोन दिवस तू तिथं होतास आणि पाऊण मैलावर पाडा होता.

मी जामसिंगवर ओरडलो. त्याच्या पोराबाळांसमोर, त्याच्या भावासमोर. दोन दिवस माणूस इथं पडलाय आणि तुम्ही बघायला आला नाहीत? डोळे फुटले होते का? ज्या माणसाच्या गवताची गंजी माझ्यामुळं गेली त्या माणसावर मी ओरडलो. त्याचा भाऊ हळू आवाजात म्हणाला की संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या तळावरून धूर निघाला नाही तर आम्ही जाऊन बघतोच. रानात धूर दिसला म्हणजे माणूस बरा आहे. पण शेठ कधी धूर करत नाहीत, हे सगळ्या पाड्याला माहीत. आणि त्यांनी तीन रात्री यायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

बरोबर होता तो. तुझ्या धर्मानं तू विस्तव केला नाहीस, तुझ्या शब्दानं ते आले नाहीत. धूर करणारा मी होतो आणि मी धुळ्यात पेपर वाचत होतो. मी तिथं असतो तर तू वाचला असतास की नाही, मला माहीत नाही. गाडीपर्यंत न्यायलाच अर्धा तास, मग शिरपूर. कदाचित नसतास वाचला. पण ती दुसरी नाडी कुणीतरी बांधली असती रे. कुणीतरी म्हणालं असतं, बस, मी जातो पाड्यावर.

पंचनामा झाला. पोलिसांनी कॅन उचलून पाहिला, पाणी जवळजवळ भरलेलं होतं. खाखऱ्याच्या डब्याची फडक्याची गाठ सोडलेलीही नव्हती. निलेश एका दगडावर बसून होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो आणि त्यानं तो ठेवू दिला नाही. त्याला आता सगळं कळलं आहे. उठावण्याला मी मागं बसलो ते त्याच्यामुळं. तो मला काही बोलला नाही, बोलणारही नाही, तुझाच मुलगा आहे. चहा टाकून उठून जाईल एक दिवस.

तुला गाडीत ठेवलं आणि मी पुढं चाललो होतो, तेव्हा जामसिंग मागून आला. मला वाटलं, आता हा बोलेल, आणि बोललाच पाहिजे. गवताचं बोलेल, ओरडलो त्याचं बोलेल. तो घरी त्यांची पावरी बोली बोलतो, आपल्याशी अहिराणी. हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला की पहिल्या दिवशी शेठ ओट्यावर बसले, तीन रात्री कुणी येऊ नका म्हणाले, उठले, नाल्यापर्यंत गेले आणि तिथून परत फिरून आले. एक सांगायचं राहिलं म्हणाले.

"डॉक्टर उनात तर त्यासले धाडी द्या. तीन रातना नियम त्यासले नही." मी आलो तर मला तळावर पाठवून द्या, एवढंच. मग म्हणाला, "मी बी दोन दिन तुमनी वाट दखी."

गाडीत येऊन बसलो. शिरपूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून होतो. निलेशला वाटलं असेल मी रडतोय. मी रडत नव्हतो, मी तुला शिव्या देत होतो. गाढवा, मूर्खा, अरे, मला धाडून द्या म्हणून पाड्याला सांगतोस आणि मला सांगत नाहीस? फोन कशाला होता तुझ्या खिशात? खिळा रिकामा दिसला की मी धावत येईन, असं वाटलं तुला? जामसिंगच्या ओट्यावर मी येईन, आलो की त्याला चुकलं म्हणेन, मग तू मला नवी जागा दाखवशील, मी चहा करीन, आणि सगळं मिटेल. हा तुझा बेत. मला ओळखतोस बावीस वर्षं आणि माझ्यावर एवढा भरवसा? आणि मी तो रस्ता ओलांडायच्या बेतात होतो रे. एक पाय उचललेला होता.

परवा मी एकटा जामसिंगकडं गेलो. आधी ओट्यावर बसलो, लोटा हातात घेतला. त्याला चुकलं म्हटलं, गवताचं म्हटलं आणि ओरडलो त्याचंही म्हटलं. व्हिडिओतलं म्हटलं. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या डॉक्टर. मग मी नाल्यापाशी गेलो, त्या दोन अंजनांच्या खाली बसलो. चूल केली नाही.

तिथंच तुला जे म्हणायचं होतं ते म्हटलं, मोठ्यानं, शेळ्यांखेरीज ऐकायला कुणी नव्हतं. माझं चुकलं, पारस. जावयासमोर मोठेपणा मिरवला ते चुकलं. तुझ्या बापाचा उद्धार केला ते चुकलं. मरू दे म्हटलं ते सगळ्यात चुकलं. होळीआधी म्हणायला हवं होतं, तेव्हा जीभ वळली नाही. आता म्हटलं. सगळं म्हटलं, काही ठेवलं नाही.

आता तू म्हण.